विशेष काही नव्हतं

"काका, काही सेव्ह करायचं राहिलं होतं का?" पुतण्यानी फोनवर विचारलं आणि मी पटकन म्हणलं, "नाही रे, विशेष काही नाही." घडलं खरं तर एवढंच. पण नंतर चार दिवस भाजी निवडताना, बसमध्ये, रात्री दिवा घालवल्यावर हेच वाक्य माझ्या कानात माझ्याच आवाजात येत राहिलं. खोटं बोलायची मला सवय नाही असं काही नाही, माझं काम हिशोबाचं आहे, चार लोकांना चार तऱ्हेनी समजवावं लागतं. पण हे खोटं फार सराईतासारखं निघालं. आणि ज्याच्याशी बोललो तो पोरगा सकाळी साडेसात वाजता, स्वतःचा चहा बाजूला ठेवून, साताऱ्यात बसून माझ्या पुण्यातल्या लॅपटॉपची नाडी बघत होता.

तर लॅपटॉप. रात्री झाकण लावून झोपवला होता, मी तो कधीच बंद करत नाही, महिना महिना करत नाही. सकाळी झाकण उघडलं. झोपेत असताना त्याच्या कडेचा पांढरा दिवा सावकाश उजळतो, सावकाश मंद होतो, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. तो दिवा एकदम स्थिर झाला, पंखा घुर्र करून सुटला, म्हणलं उठला. पण पडदा काळाच. कीबोर्डवर चार बटनं दाबली, टचपॅडवर बोट फिरवलं, मग जे सगळेच करतात ते केलं, झाकण लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. जणू दार आपटलं की आतला माणूस ओ देईल. पंखा मात्र जोरात. आत कुणीतरी आहे, धापा टाकतंय, पण बोलत नाहीये, असं काहीतरी वाटत होतं आणि ते फार अस्वस्थ करणारं होतं. पूर्ण बंद पडला असता तर एवढं वाटलं नसतं.

पुतण्याला फोन लावला. हा दादाचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप एवढा मंद झाला होता की चालू करून अंघोळ उरकून आलो तरी गोल फिरतच असायचं, तेव्हा यानीच त्याच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, टाकून दिली आणि म्हणाला, काका, आता अजून पाच वर्षं बघायला नको. त्यामुळे जावई तुम्ही शोधलात तर भांडणंही तुम्हीच मिटवा, या न्यायानी लॅपटॉपचं काहीही झालं की मी त्यालाच फोन करतो. दादाशी मी तेव्हा आठ महिने बोललेलो नव्हतो, पण पोराचा त्याच्याशी काय संबंध. नोकरी बंगळुरातली, पण त्या दिवसांत तो साताऱ्यात घरूनच काम करत होता. म्हणजे फोन त्याला लावायचा म्हणजे दादाच्या घरात लावायचा. हे मला माहीत होतं आणि मी लावला.

"कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो का?"

लागला नाही. "मग नुसता स्क्रीनचा प्रॉब्लेम नाहीये," तो म्हणाला, "मशीन स्वतःच अर्धवट उठलंय." तरी खात्रीसाठी मोबाईलची बॅटरी लावून पडद्यावर तिरकी धरायला सांगितली, म्हणजे मागचा उजेडच गेला असेल तर चित्र पुसट का होईना दिसतं. काही दिसलं नाही, आदल्या दिवशीचे बोटांचे डाग तेवढे दिसले. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री. काही नाही. मग त्यानी एक गंमत सांगितली, आल्ट आणि प्रिंट स्क्रीनचं बटन दाबून धरायचं, आणि एकेक करून आर, ई, आय, एस, यू, बी अशी अक्षरं दाबायची, सावकाश. लिनक्सचा शेवटचा उपाय आहे म्हणे हा, गळ्यापर्यंत आलेलं मशीन यातून निदान नीट मरतं. लक्षात कसं ठेवायचं तर उलटं वाचायचं, बिझियर. मी अक्षरं अशी दाबत होतो जशी गुरुजी पळीपळीनी पाणी सोडायला सांगतात तशी. पंखा तसाच घुरघुरत राहिला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. दादाचा. मला उद्देशून नाही, पोराला. "त्याला म्हणावं, चार्जर काढून बघ."

त्याला म्हणावं.

मी चार्जर काढला. सांगितलं म्हणून नाही, काढायचाच होता. फरक काही पडला नाही. मग पुतण्या म्हणाला की आता पॉवरचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवा जाईपर्यंत. आणि मग तो प्रश्न, काही सेव्ह करायचं राहिलं होतं का.

राहिलं होतं. आदल्या रात्री अकरा ते पाऊण एवढा वेळ बसून मी दादाला एक पत्र लिहिलं होतं. लिब्रेऑफिसच्या कोऱ्या पानावर, नाव न देता, अनटायटल्ड एक. मेलमध्ये मुद्दाम लिहिलं नाही, चुकून सेंडवर बोट पडायचं. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं त्यात उतरवलं. विषय तसा बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल, गावच्या घराची मागची बाजू त्यानी पाडली, मला न विचारता, स्लॅब टाकायला. मला कळलं ते फॅमिली ग्रुपवरच्या फोटोवरनं. फोटोत जेसीबीचा पिवळा हात, मागे आभाळ, आणि जिथं स्वैपाकघर होतं तिथं मातीचा ढीग, त्यात एक काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे चुलीमागची भिंत होती, पन्नास-साठ वर्षांचा धूर खाल्लेली. खाली वहिनीनी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं आणि आत्यानी "छान, अभिनंदन".

आमचं गाव पाटणच्या पुढे, कोयनेच्या अंगाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्याकडची मागची भिंत कलली, ती परत नीट बांधलीच नाही कुणी, लाकडी टेकू दिला आणि टेकूसकट ती घराची झाली. आजी सांगायची, सव्वाचार वाजून गेले होते, मी जागीच होते. ती नेहमीच जागी असायची. त्या पहाटेनंतर ती म्हणे कधी गाढ झोपलीच नाही, डोळे मिटलेले, कान उघडे, मांजरानी दुधाच्या पातेल्याकडे बघितलं तरी "हाड" म्हणायची. आजोबा याच्या बरोबर उलटे, कवळी काढून वाटीत ठेवली की ढाराढूर, अंगावर घर पडलं तरी उठणार नाहीत, आणि ही नुसती म्हण नाही, त्या पहाटे त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं होतं. दादाचं म्हणणं असं की भिंत या नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पडणारच होती, तू वर्षातून दोन दिवस येतोस, फोटो काढतोस आणि जातोस. यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

तर बटनावर बोट ठेवलं होतं आणि दाबवत नव्हतं. झोपलेल्या लॅपटॉपचं काय होतं ते मला पुतण्यानीच कधीतरी समजावलं होतं. झोपेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एक नियमावली काढली, तिच्यात एस झीरो म्हणजे टक्क जागं आणि एस फाईव्ह म्हणजे बंद, आणि मधल्या एस थ्रीत बाकी सगळं बंद, प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पडदा बंद, वीज फक्त मेमरीला. कारण मेमरीतला एकेक बिट म्हणजे एवढुशा कपॅसिटरमधला इवलासा भार, आणि तो सारखा गळत असतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो परत भरावा लागतो, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. रात्रभर, आपण घोरत असताना, मेमरी हेच करत बसते, एकेक ओळ वाचायची आणि तीच परत लिहायची. माझं पत्र रात्रभर असं स्वतःला परत परत लिहीत होतं. त्यातली सगळी टोचणारी वाक्यं, सेकंदाला पंधरा वेळा.

मला आठवली ती आजीची चूल. रात्री भांडी झाली की आजी जळकी लाकडं मागं ओढायची, पाणी मारायची नाही, दोन-तीन जाड निखारे एका कोपऱ्यात जमवायची आणि वर राख लोटायची. मग उलथन्याच्या पाठीनी ती राख अलगद थोपटायची, लेकराला थोपटावं तशी, एका ठरावीक जोरानी, कारण जास्त दाबलं तर निखारा गुदमरतो आणि मोकळं सोडलं तर रात्रीतच जळून जातो. मी हे अंथरुणातनं बघायचो, कंदिलाच्या उजेडात तिचा हात आणि भिंतीवर त्याची मोठी सावली. सकाळी राख बाजूला सारली की आत लालभडक. शेणीचा तुकडा, दोन काटक्या, फुंकणीनी तीन फुंका, डोळ्यात पाणी, आणि पेटली चूल. काडी लागायची नाही. याला ती विस्तव राखणं म्हणायची. मला वाटायचं, राखणं आणि राख हे एकाच घरातले शब्द असावेत. नसतील, पण त्या चुलीपाशी होते.

आणि कधीकधी सकाळी राख सारली की आत नुसता काळा कोळसा. कारण कळायचं नाही. लाकूड ओलं होतं, वारं आलं, राख जास्त झाली, काहीही. आजी "विझला" म्हणायची नाही, आमच्याकडे दिवा शांत होतो, बांगडी वाढते, तसा विस्तव निवायचा. "निवला गं बाई," म्हणायची आणि मला उठवायची. माझ्या हातात वाळक्या शेणीचं खांड द्यायची, जा, शेजारनं विस्तव घेऊन ये. शेजारची काकू त्या शेणीवर एक निखारा ठेवायची आणि मी तो घेऊन अंगणातनं पळायचो, पळालं की वाऱ्यानी तो आणखी फुलायचा, शेणी हाताशी तापत यायची. दादा मोठा, तो कधी जायचा नाही, पण दारात उभा राहून ओरडायचा, "पळू नको, पडशील." मला आठवतंय की याच शेजाऱ्यांशी आमचं बांधावरनं भांडण होतं. बोलणं नव्हतं. विस्तव मात्र यायचा-जायचा.

बटन दाबलं. मोजलं. अकराव्या सेकंदाला पंखा थांबला आणि घरात एकदम फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

परत चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, जर्नल रिकव्हर करतोय वगैरे, आणि आला तो मुकाट्यानी, लॉगिन मागायला लागला, जसं काही झालंच नाही. पुतण्या म्हणाला फोन ठेवू नका, आपण बघू काय झालं होतं. लिनक्स रोजनिशी लिहितं. मिनिटामिनिटाची, कुणी वाचत नसलं तरी. त्यानी सांगितलं तशी मी एकेक अक्षर दाबून आज्ञा दिली, जर्नल-सीटीएल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश वन, म्हणजे आत्ताची नाही, याच्या आधीची वही दाखव. शेवटच्या पानावर गेलो. रात्री बारा अठ्ठेचाळीस. शेवटची ओळ, पीएम सस्पेंड एंट्री डीप. त्याच्याखाली काही नाही. "नीट उठला असता तर खाली सस्पेंड एक्झिट आलं असतं," पुतण्या म्हणाला. मी त्या ओळीकडे बघत बसलो. मी झोपायला गेलो, असं लिहून ठेवलंय, व्यवस्थित, तारीख-वेळ घालून. पुढे पान कोरं. कुणाच्याही घरात अशी एखादी वही सापडेल, त्यातलं शेवटचं वाक्य किती साधं असतं, दूधवाल्याचे अमुक द्यायचे, असलं काहीतरी.

फोन ठेवला आणि लिब्रेऑफिस उघडलं. त्यानी आपणहून विचारलं, एक कागद अर्धवट राहिलाय, परत आणू का. ते दर दहा मिनिटांनी गुपचूप नक्कल काढून ठेवतं हे मला माहीत नव्हतं. आण म्हणलं. पत्र आलं. सगळं नाही आलं, शेवटची काही मिनिटं गेली होती, एक वाक्य "आणि बाबांच्या वेळेला तू" इथंच तुटलं होतं. त्याच्यापुढे मी काय लिहिलं होतं ते मला साधारण ठाऊक आहे. बाबांच्या आजारपणातला एक हिशोब काढला होता, कुणी किती भरले, कुणी किती रात्री जागला. हिशोब माझं काम आहे, तो चोख मांडला होता, आकडे बरोबर होते. आणि खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, फार बरं, जे वाटायला नको होतं. आता ते नाही म्हणल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच चिडचिडही झाली, कारण इतकं धारदार मला परत लिहिता येणार नाही. मी खरंच प्रयत्न केला, "तू"च्या पुढे कर्सर नेऊन. दोन ओळी लिहिल्या. पाणचट झाल्या. खोडल्या. उरलेलं पत्र वाचलं तर त्यात दादा फार नव्हताच, पहिली दोन पानं सगळी भिंत, चूल, टेकू आणि ती फुंकणी कुठं गेली असेल याचीच चौकशी.

पुढचे चार दिवस लॅपटॉप हलक्या झोपेवर होता. झोपेचेही दोन प्रकार असतात हे मला यात कळलं, डीप आणि दुसरी एस-टू-आयडल. दुसरीत मशीन खरं झोपत नाही, नुसतं डोळे मिटून पडतं, हाक मारली की लगेच उठतं, पण बॅटरी खातं. रात्री ऐंशी टक्के ठेवून झोपलं तर सकाळी साठाच्या आत. आजीची झोप. मी पुतण्याला म्हणलं, राहू दे की असंच, उठतोय ना. तो म्हणाला, "काका, असं नाही चालत, कारण शोधलं पाहिजे." ही पिढी मला यासाठी आवडते आणि यासाठीच जरा भीतीही वाटते.

रविवारी दुपारी त्यानी कारण शोधलं. त्याची रीत मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. अडचण अशी आहे की मशीन उठता उठता अडकलं तर त्या क्षणी ते कुठंच काही लिहून ठेवू शकत नाही, डिस्क अजून जागी झालेली नसते, मेमरी तर आपण बटन दाबलं की पुसली जाणार. मग खूण ठेवायची कुठं? घड्याळात. आत जे बारकं घड्याळ असतं, स्वतःच्या सेलवर चालणारं, ते बंद-चालू केलं तरी टिकतं. तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय करतं, एकेका भागाला उठवताना त्या भागाच्या नावाचा एक आकडा करून तो तारीख-वेळ म्हणून घड्याळात भरतं. अडकलं की आपण बटन दाबून मारायचं, वेळ न घालवता परत चालू करायचं, आणि घड्याळ वाचून ओळखायचं कोण अडकलं. "घड्याळ चुकणारे, घाबरू नका," त्यानी आधीच सांगितलं होतं. तरी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघितलं आणि साल २०४१ दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. मी नसेन बहुतेक तेव्हा. दादा तर नाहीच. हे उगाच मनात आलं.

अडकलं होतं ते वायफायचं कार्ड. आठवड्यापूर्वी मी हौसेनी सगळं अपडेट केलं होतं, तेव्हापासून नव्या कर्नलचं आणि त्याचं पटत नव्हतं. जुन्या कर्नलनी चालू केलं की सगळं सुरळीत, ते त्यानी करून बघितलं. पण कायम जुन्यावर राहणं बरं नाही म्हणून चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून दिली, झोपायच्या आधी वायफायचा ड्रायव्हर काढून ठेव, उठलास की परत लाव. मला एकदम वाटीतली कवळी दिसली. मी मोठ्यांदा हसलो आणि त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, कोणाची कवळी? त्यानी आजोबांना बघितलेलंच नाही. मी सांगायला लागलो तर मागून दादाच म्हणाला, "पितळेची वाटी. तिच्यात कुणी चुकून ताक ओतलं होतं ते विचार त्याला." ताक मी ओतलं होतं. पुतण्यानी विचारलं नाही, नुसता हसला.

"आता झाकण लावा काका, तीसपर्यंत मोजा आणि उघडा."

पत्र उघडंच होतं तेव्हाही, अनटायटल्ड एक, तुटलेल्या वाक्यासकट. बंद करावं की सेव्ह करावं हे चार दिवसांत मला ठरवता आलं नव्हतं. तसंच ठेवून झाकण लावलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि मग श्वास घ्यायला लागला. फोन स्पीकरवर टेबलावर, त्या बाजूला टीव्हीवर कसलीतरी मॅच, वहिनी कुणाला तरी पोहे खाऊन जा म्हणत होती. मी मनात मोजत होतो, अठ्ठावीस, एकोणतीस. उघडलं. क्षणभर काळं. मग उजेड, पासवर्ड, आणि "तू"च्या पुढे लुकलुकणारा कर्सर.

मी काही बोलायच्या आत तिकडून आवाज आला, पुतण्याचा नाही. "उठला का रे?"

"हो दादा," मी म्हणलं, "उठला."

मग थोडा वेळ दोन्हीकडे नुसता त्या मॅचचाच आवाज. कुणीतरी आउट झालं असावं.